पाना-पक्कड : खोक्यांतली एमजीबी घ्यावी का?

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही मूळचे इचलकरंजीचे. नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये, लीमिंग्टन स्पाला राहतो. आमच्या शेजारी एक ब्रिटिश आजी आहेत. त्यांच्या यजमानांनी १९९० च्या सुमारास आपली १९६६ सालची एमजीबी रोडस्टर ही उघडी स्पोर्ट्सकार दुरुस्तीसाठी संपूर्ण खोलली आणि ती तशीच राहिली. दोन वर्षांपूर्वी ते वारले. बॉडी लाकडी ट्रॉलीवर आहे, इंजिन ताडपत्रीखाली, आणि भिंतीला लागून खोकी, बिस्किटांचे डबे, बरण्या. आजी म्हणतात, “पैसे नकोत, घेऊन जा, फक्त भंगारात घालू नकोस.” माझा हात थोडाफार चालतो, पण वेल्डिंग कधी केलेलं नाही. वडील आयुष्यभर लेथवर होते, ते उन्हाळ्यात आमच्याकडे येतात आणि म्हणतात, “न मिळणारे पार्ट आपण करून घेऊ.” अकरा वर्षांच्या मुलीलाही उत्साह आहे. बायको विचारते, एका गाडीच्या गॅरेजात हे मावणार कसं आणि संपणार कधी? घ्यावी का? घेतली तर सुरुवात कुठून करायची?
— एक वाचक, लीमिंग्टन स्पा

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात. खोकी अजून भिंतीशी जशीच्या तशी आहेत. त्यांना इतक्यात हात लावू नका. ज्यानं गाडी खोलली, तोच ती परत जोडणार होता. कुठला बोल्ट कुठला हे त्याच्या डोक्यात होतं, आणि थोडंफार त्या गॅरेजच्या मांडणीतही उतरलेलं आहे. एका डब्यात जे एकत्र आहे, ते बहुधा एकाच ठिकाणाहून निघालेलं आहे. तुम्ही शनिवारी व्हॅन बोलावून सगळं भरलंत, दोन डबे वाटेत उपडे झाले, जागा वाचवायला चार बरण्या एकीत ओतल्यात, की ती माहिती कायमची गेली. गंज कापता येतो, इंजिन बोअर करून घेता येतं, पण ही माहिती कुठल्या दुकानात मिळत नाही. जुनी गाडी घेणं आणि खोललेली जुनी गाडी घेणं यात मुख्य फरक हाच आहे.

म्हणून पहिलं काम मुलीला द्या. आधी संपूर्ण भिंतीचे फोटो, मग एकेका फळीचे, मग प्रत्येक डबा बंद असताना आणि उघडल्यावर. डब्याला नंबर, वहीत त्याच नंबरापुढे आत काय आहे ते. ओळखू येत नसेल तर “माहीत नाही, वाटीएवढं, तीन भोकं” असं लिहिलं तरी चालेल. मग तुम्ही आणि ती बसून एमजीबीच्या पार्ट्सच्या यादीतली चित्रं उघडा आणि एकेक वस्तू जुळवा. आजींना यजमानांच्या वह्या, बिलं, वर्कशॉप मॅन्युअल यांबद्दल विचारा. जुन्या मॅन्युअलच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं बरंच काही सापडतं.

आता बॉडी. घ्यावी की नाही, ते इथं ठरतं.

एमजीबीला वेगळी चासी नाही. १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली तेव्हापासून तिची बॉडी हीच तिची चासी आहे. रोडस्टरला वर पत्र्याचा पक्का टपही नाही, म्हणजे गाडी मधून वाकू न देण्याचं बरंचसं काम दाराखालच्या सिलांवर पडतं. बाहेरून दिसतो तो एक पत्रा. त्याच्या आत उभा पत्रा, त्याच्या आत आतलं सिल आणि खाली फरशीच्या कडेला कासल रेल. हे सगळं मिळून एक पेटी होते. ती आतून गंजते. बाहेरचा पत्रा रंगवलेला, गुळगुळीत असतो आणि आत भुगा झालेला असतो. पूर्वी अनेकांनी सडलेल्या सिलावर नवा पत्रा नुसता झाकून वेल्ड केला आहे, त्यामुळे वरून बघून समाधान मानू नका. पुढची मडगार्डं बोल्टनं बसवलेली असतात. ती निघालेलीच असतील, तर तुमचं नशीब चांगलं, कारण सिलाचं पुढचं टोक त्यांच्याच मागे दडलेलं असतं आणि चाकानं उडवलेला चिखल वर्षानुवर्षं तिथंच साठतो.

जाड स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. कासल रेल टोकापासून टोकापर्यंत दाबत जा. मग मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथं बॉडीला धरतात ती जागा, मग सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या. ह्या गाडीला सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांच्या ॲसिडनं त्या पेट्या खाल्लेल्या असणारच. त्यानं घाबरू नका. फरशी गेलेली असेल तरी घाबरू नका. मग दारं आणून बिजागऱ्यांवर टांगा आणि दाराच्या मागच्या कडेची फट बघा. फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर बॉडी मधून बसली आहे. दोन्ही सिलं गेलेली, बॉडी बसलेली आणि शिवाय इंजिनाच्या बाजूनं पुढे जाणाऱ्या लांब पेट्याही सडलेल्या, असं तिन्ही एकत्र निघालं, तर पहिला प्रकल्प म्हणून ही बॉडी घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. एवढ्यावर गाडी संपत नाही, हेही तितकंच खरं. ऑक्सफर्डशायरमधल्या विटनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळच्या साच्यांवर (डाय) एमजीबीची अख्खी नवी बॉडी काढते, १९८८ पासून. पण तो खर्च मोठा आहे, आणि तो ठरवायचा तर आधीच, अर्धं वेल्डिंग करून झाल्यावर नव्हे.

वेल्डिंग तुम्हाला शिकता येईल. इथल्या बऱ्याच कॉलेजांत संध्याकाळचे वर्ग असतात. त्याच जाडीच्या पत्र्यावर हात बसवा, मग बॅटरीच्या पेट्या आणि फरशी स्वतः करा. सिलाला मात्र पहिल्या बाजूला अनुभवी माणूस बोलवा आणि त्याच्याशेजारी उभं राहून बघा. क्रम असा : दारं लावलेली, फटी बसवलेल्या, दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या पट्ट्या वेल्ड करून चौकट बांधलेली, बॉडी ट्रॉलीवरून उतरवून सस्पेन्शनच्या जागी नीट पेललेली. मग एका बाजूचं सिल कापायचं. एकाच बाजूचं! ते पूर्ण बसून दार पूर्वीसारखं मिटल्याशिवाय दुसऱ्या बाजूला ग्राइंडर लावायचा नाही. दोन्ही सिलं एकदम कापलेली बॉडी पुढे कशातही सरळ येत नाही. दारं मिटत नाहीत, काच बसत नाही, कापडी टप ओढूनताणून लावावा लागतो.

आता ज्या मुद्द्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे, तो. रंगाआधी गाडी एकदा संपूर्ण जोडा. लोक उलट करतात. बॉडी रंगवून आणतात, कारण चकाकती बॉडी बघितली की उमेद येते, आणि मग जोडायला घेतात. मग कळतं की बंपरच्या ब्रॅकेटला भोक जुळत नाही, विकत आणलेलं मडगार्ड हेडलाइटपाशी उंच राहतंय, बॉनेट एका कोपऱ्यात टेकतंय. म्हणजे ताज्या रंगावर कानस आणि ड्रिल. त्याऐवजी उघड्या पत्र्यावर नुसत्या प्रायमरच्या हातानं सगळं लावून बघा. पुढचा क्रॉसमेंबर, मागचा ॲक्सल, चाकं, इंजिन, गिअरबॉक्स, ग्रिल, दिवे, काचेची चौकट, सगळं. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहू दे. काय नाही, काय दुसऱ्याच वर्षाचं आहे, हे त्याच वेळी कळेल. तुमची गाडी १९६६ ची रोडस्टर, म्हणजे तिला बँजो प्रकारचा ॲक्सल हवा. नळीचा ॲक्सल निघाला तर तो दुसऱ्या गाडीतून आलेला आहे. वापरता येतो, पण माहीत हवं. जुना भाग नवा बसेपर्यंत फेकू नका, कितीही सडलेला असो. माप त्याच्यावरूनच मिळतं.

मग पुन्हा खोला. ह्या वेळी खोलणारे तुम्ही असाल, आणि तीस वर्षांपूर्वी त्या गृहस्थांना जे माहीत होतं ते तुम्हाला माहीत असेल.

खोक्यांत ज्या वस्तू जोडीनं राहिल्या पाहिजेत, त्यांच्याबद्दल थोडं खोलात सांगतो, कारण इथंच खोललेल्या गाड्या दगा देतात. तुमच्या गाडीला तारांची चाकं असतील तर ती मधल्या एकाच कानवाल्या नटावर बसतात. डाव्या बाजूच्या हबचे (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचे) आटे सरळ असतात, उजव्या बाजूचे उलटे, म्हणजे चाक पुढे फिरताना नट सैल होत नाही, आवळत जातो. हब सुटे होऊन डब्यात पडले आणि डावा उजवीकडे बसला, तरी नट छान आवळला जातो, गाडी उभी छान दिसते, आणि चालवताना नट स्वतःहून सुटत जातो. बसवायच्या आधी प्रत्येक हबवर नट हातानं फिरवून बघा. डावीकडचा आणि उजवीकडचा, दोन्ही गाडीच्या पुढच्या दिशेनं फिरवले की सुटले पाहिजेत. उलट वाटेल, पण बरोबर हेच. त्याच वेळी हबवरचे दाते बोटानं चाचपा. दात्यांचे माथे सपाट असावेत. धारदार, एका बाजूला कललेले असतील, तर हब आणि चाक दोन्ही बदला.

दुसरी जोडी एसयू बनावटीच्या कार्बोरेटरची. दोन कार्बोरेटर, प्रत्येकाच्या डोक्यावर घुमट, घुमटात पिस्टन. कारखान्यात प्रत्येक पिस्टन आपापल्या घुमटाशी जुळवलेला असतो. दोन्ही एकदम रॉकेलात धुतले आणि अदलाबदल झाली, की एक अडकतो किंवा एकातून हवा जास्त गळते, आणि मग माणूस महिनोन्महिने मिश्रण जुळवत बसतो. स्वच्छ करून, तेल न लावता, पिस्टन घुमटात सरकवून बघा. सगळीकडे मोकळा फिरला पाहिजे, कुठंही घासता कामा नये. आणि इंजिन. तुमच्या वर्षाच्या १७९८ सीसी इंजिनात क्रँक पाच बेअरिंगांवर फिरतो. त्या बेअरिंगांवरच्या पाच टोप्या, म्हणजे कॅपा, ब्लॉकला लावूनच बोअर केलेल्या असतात, म्हणून प्रत्येक कॅप आपल्याच जागी आणि आपल्याच तोंडानं गेली पाहिजे. कनेक्टिंग रॉडचंही तेच. सुट्या सापडल्या तर इंजिनचं काम करणाऱ्या मशीन शॉपला आधीच सांगा, ते तपासून देतील.

वडिलांचा उत्साह मोठा आहे आणि तो वाया जाता कामा नये, पण त्याला दिशा द्या. एमजीबी १९८० पर्यंत बनली, पाच लाखांहून जास्त, त्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. लेथवर करायला लागेल असं फार थोडं आहे. अडचण वेगळी आहे. नवीन मिळणाऱ्या भागांचा दर्जा सारखा नसतो. म्हणून वडिलांनी मायक्रोमीटर हातात घ्यावा. नवा आणलेला प्रत्येक भाग जुन्याशेजारी ठेवून मोजावा, आणि जुना दुरुस्त होण्यासारखा असेल तर तोच दुरुस्त करावा. पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं त्या किंगपिनचे नवे बुश बसवल्यावर ते रीमरनं, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्यारानं, पिनच्या मापाला काढावे लागतात. हे काम वडिलांसारख्या हाताचंच आहे. चांगला रीम केलेला किंगपिन ग्रीस लावल्यावर बोटानं ढकलला तर जड, एकसारखा फिरतो, कुठं अडत नाही की कुठं खुळखुळत नाही. मिरजेत मला फिटरचं काम शिकवणारे मास्तर असा तुकडा हातात घेऊन डोळे मिटून फिरवायचे. तुमच्या मुलीला आजोबांनी तेवढं एक शिकवलं तरी मला आनंद होईल. बोल्ट इंची आहेत, मुख्यतः युनिफाइड आट्यांचे. मेट्रिक पाने लावून डोकी गोल करू नका.

वायरिंग जुनं वापरू नका. नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार जुडगा, आणा. रंगांची भाषा पाठ करा, फार सोपी आहे : तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरा इग्निशन, हिरवा म्हणजे इग्निशनचं फ्यूजमधून आलेलं, जांभळा फ्यूजमधून पण कायम चालू, निळा हेडलाइट, लाल साइडचे दिवे, काळा अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेला. तुमच्या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. मधल्या कुणी ते उलटवलं आहे का, हे डायनॅमो आणि कॉइलच्या जोडण्यांवरून बघून घ्या.

ह्या वयाच्या गाडीच्या ब्रेक-लायनिंगमध्ये आणि क्लचमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम हवेच्या पाइपनं कधीही उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्ड लावायचा नाही, तिच्या जवळही नाही. टू-पॅक रंग (हार्डनर मिसळून मारायचा) घरी मारायचा नाही. त्यातली आयसोसायनेटं बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय फुफ्फुसं बिघडवतात. रंग बाहेर द्या. पेट्रोलच्या नळ्या ई-टेनला, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, टिकणाऱ्याच आणा, आणि हेडचं काम निघालंच आहे तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हांना कठीण सीट बसवून घ्या.

कागदपत्रं. आजींकडून रीतसर विक्रीची पावती घ्या. व्ही-फाइव्ह-सी (नोंदणीचा कागद) सापडलं तरी तो मालकीचा पुरावा नव्हे. नाव बदलल्यावर सॉर्न भरा, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही अशी नोंद करा. गाडीच्या पाटीवरचा नंबर ‘जीएचएन-थ्री’नं सुरू होत असेल तर ती खरंच त्या पिढीची रोडस्टर; पुढे ‘एल’ असेल तर ती डाव्या स्टिअरिंगची निघाली आहे, म्हणजे बहुधा परदेशातून परत आलेली. तुमच्यापासून गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम अगदी जवळ आहे. कारखान्याच्या नोंदवहीवरून ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात : कधी बनली, मूळ रंग कुठला, इंजिनाचा नंबर कुठला. रंग ठरवायच्या आधी ते मागवा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटीची (वार्षिक तपासणीची) सक्ती नाही, पण इतकं उघडून जोडलेल्या गाडीला पहिल्यांदा रस्त्यावर काढताना एमओटी करून घ्याच.

आणि फुकट घेऊ नका. आजींना त्या बॉडीची, त्या खोक्यांची योग्य ती रक्कम द्या, थोडी का होईना. फुकट आणलेली वस्तू अडचणीची झाली की सगळ्यात आधी बाहेर जाते, आणि त्यांनी तुम्हाला एकच अट घातली आहे.

आता तुमच्या घरच्यांचा प्रश्न, आणि तो सगळ्यात रास्त आहे. गाडी ३.८९ मीटर लांब आणि १.५२ मीटर रुंद. जोडलेली असेल तर तुमच्या गॅरेजात उभी राहील आणि दार बंद होईल. खोललेली असेल तर तिला तिप्पट जागा लागते. म्हणून आजींना विचारा की पहिले काही महिने खोकी त्यांच्याकडेच राहू देतील का. त्यांनाही ते आवडेल असं मला वाटतं. तुमच्याकडे फक्त बॉडी आणा, आणि एका वेळी एकच खोकं. कधी संपणार, याचं प्रामाणिक उत्तर वर्षांत आहे, महिन्यांत नाही. खर्चाचंही तसंच आहे. ह्या गाडीवर तुम्ही जे घालाल ते विकून परत येणार नाही, आणि हे बायकोला आजच सांगा. एक टप्पा मात्र लवकर गाठता येतो आणि तो कॅलेंडरवर लिहून ठेवा : गाडी स्वतःच्या चाकांवर, रंगाविना, ढकलली तर हलणारी. तिथवर पोचलेली गाडी सहसा अर्धवट राहत नाही. न पोचलेल्या गाड्याच खोक्यांत राहतात.

सिलं बघून मला कळवा. शक्य झालं तर कव्हेंट्रीहून मी एका रविवारी येतो.

प्रश्न : नाशिकला आजोबांची १९५१ ची एमजी टीडी आहे. इंजिनचे बोल्ट काढायला १३ चा पाना जात नाही आणि १४ चा घसरतो. मेकॅनिक म्हणतो बोल्ट झिजलेत, नवे मेट्रिक टाकू. टाकावेत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात नाही, आणि बोल्ट झिजलेले नाहीत. त्या बोल्टाचं डोकं व्हिटवर्थ ह्या जुन्या ब्रिटिश मापाचं आहे. ‘१/४ डब्ल्यू’ लिहिलेल्या पान्याचं तोंड सुमारे १३.३ मिलिमीटर असतं, म्हणून १३ चा जात नाही आणि १४ चा फिरतो. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाचा नव्हे, हे मेकॅनिकला सांगा.

गंमत पुढे आहे. डोकं व्हिटवर्थ असलं तरी आटे मेट्रिक आहेत! मॉरिस ह्या ब्रिटिश मोटार कंपनीनं १९२३ साली इथं कव्हेंट्रीत हॉचकिस ह्या फ्रेंच कंपनीचा इंजिन-कारखाना विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, आटे मेट्रिक. पण गॅरेजवाल्यांकडे पाने ब्रिटिश, म्हणून डोकी ब्रिटिश ठेवली. टीडीचं एक्सपीएजी इंजिन त्याच घराण्यातलं. ८ मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे त्यात १.० मिलिमीटर अंतराचे आहेत. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो १.२५ चा. तो दोन फेरे जाईल, मग जड लागेल, मेकॅनिक जोर लावेल आणि ब्लॉकमधले आटे जातील.

व्हिटवर्थ पान्यांचा सेट घ्या. इंजिन आणि गिअरबॉक्स सोडून बाकीच्या गाडीत बहुतेक बीएसएफ (ब्रिटिश बारीक आट्यांचे) बोल्ट आहेत, त्यांनाही हेच पाने लागतात. अडकलेल्या बोल्टावर आत झिरपणारं तेल सोडा, रात्रभर थांबा, आणि निघालेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर इंजिनचं चित्र काढून त्याच्या जागी टोचून ठेवा. पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज गाड्यांसाठीच्या ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी करता येते, पण त्यासाठी इंजिन आणि बॉडी मूळ स्वरूपात असावी लागते. म्हणून काहीही कापायच्या किंवा बदलायच्या आधी मला फोटो पाठवा.